वाटीच्या आतला रंग

गारखेड्यात बालवाडी चालवणारी श्रेया साठ वाट्यांची ऑर्डर घेऊन आली, तेव्हा तिच्या दोनच अटी होत्या. वाटी तीन वर्षांच्या मुलाच्या दोन्ही हातांत नीट बसली पाहिजे, आणि तिच्यावरचं ग्लेझ इको-फ्रेंडली पाहिजे.

पहिली अट गजालाला तिथल्या तिथं समजली. तिनं श्रेयासमोरच मातीचा गोळा चाकावर टाकला आणि एक वाटी काढून दाखवली. दुसरी अट समजून घेण्यात तिचे तीन महिने गेले, आणि आजही ती पूर्ण समजली असं ती छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

गजालाचं काम चालायचं पुंडलिकनगरात, रत्नमालाताईंच्या घराखालच्या गॅरेजमध्ये. एक चाक, मातीची पोती, दोन मांडण्या आणि कोपऱ्यात विजेची भट्टी. भट्टीचं वायरिंग तिच्या नवऱ्यानं, अझहरनं, स्वतः केलेलं होतं. त्याचं शहागंजला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. चार वर्षांत गजालाच्या मगांना आणि वाट्यांना शहरात बऱ्यापैकी ओळख मिळाली होती, ती मुख्यतः एका मोरपंखी निळ्या रंगामुळे. हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखा मऊ लागायचा तो. प्रदर्शनात लोक लांबूनच विचारायचे, तो निळा तुमचाच ना?

"इको-फ्रेंडली म्हणजे नक्की काय धरायचं, मॅडम?" तिनं श्रेयाला विचारलं.

"म्हणजे केमिकल नको. नॅचरल पाहिजे."

"ग्लेझ म्हणजे दगडाचीच पूड असते. गारगोटी, चुनखडी, फेल्डस्पार. पाण्यात कालवायची, भांड्याला लावायची, भट्टी बाराशे अंशांच्या पुढं नेली की वितळून तिची काच होते. आता याला नॅचरल म्हणायचं का केमिकल?"

श्रेया हसली. "ते तुम्ही ठरवा, ताई. मी पालकांना सांगून बसलेय की या वर्षी प्लॅस्टिक बंद. आता मुलांच्या हातात चांगलंच काहीतरी गेलं पाहिजे."

गजालानं मान डोलावली. त्यात अवघड काय असणार, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

मग तिनं वाचायला सुरुवात केली आणि गुंता वाढतच गेला. एका ठिकाणी लिहिलेलं, कमी तापमानाचं ग्लेझ वापरा, वीज वाचते. दुसरीकडं म्हटलेलं, कमी भाजलेलं भांडं पाणी पितं, लवकर फुटतं, मग दुसरं करावं लागतं, तेव्हा जास्त भाजा. कोणी म्हणे टाकणखार असलेली ग्लेझं बरी, ती लवकर वितळतात. कोणी म्हणे तो टाकणखार कुठल्या देशातून जहाजानं येतो ते आधी बघा. भुकट्या विकणाऱ्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, आपलं नवीन पाकीट आलंय, एकदम इको. वर हिरवं पान छापलंय बघा."

"पण आत काय आहे?"

"आत ग्लेझ आहे."

"ते कशाचं?"

"ते कंपनीचं सिक्रेट असतं, मॅडम."

तिनं तरीही दोन पाकिटं मागवली. हिरवं पान खरोखरच होतं. त्याखाली ‘शिसेमुक्त’ असं लिहिलं होतं, आणि बाकी काही नाही.

रत्नमालाताईंना हे सगळं रोज जिन्यातून ऐकू जायचं. त्या साठीच्या. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनीच सुचवलं, "राखेचं ग्लेझ करतात ना गं? माझा भाऊ बन्सी देवगाव रंगारीला असतो. पऱ्हाट्या जाळतात त्यांच्याकडं. राख पाहिजे तेवढी मिळेल."

आठवड्याभरात बन्सीभाऊ दुधाच्या गाडीवर पोतं टाकून आले. कपाशीच्या वाळक्या झाडांची करडी, हलकी राख. पोतं उतरवून ते गॅरेजमधल्या मांडण्या बघत उभे राहिले.

"राखेनं भांडी घासायची, एवढं म्हाईत होतं," ते म्हणाले. "तू राख भांड्यालाच लावनार म्हन की."

"लावून भट्टीत घालणार, भाऊ. वितळते ती."

"कपाशीवर किती फवारण्या होत्यात, त्ये ठाऊक हाय ना तुला?"

गजालाला ते सुचलंच नव्हतं. "जळल्यावर फवारणीचं काय राहतं?"

"त्ये मला काय इचारतीस बाई. मी फवारनारा." ते गोड हसले आणि चहा पिऊन गेले.

तिनं रत्नमालाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "औषधं जळून जातील. पण धातू असेल काही, तर तो राखेत राहतो. आहे का नाही, ते तपासल्याशिवाय कसं सांगू?" राख चाळताना गजालाच्या बोटांना झोंबलं. ती धुतली तर धुतलेलं पाणी खारट, चरचरीत निघालं. ते पाणी कुठं टाकायचं, हा आणखी एक प्रश्न. नैसर्गिक राखेचं पाणी नालीत टाकायला तिचं मन धजेना. शेवटी तिनं ते बादलीत तसंच झाकून ठेवलं.

मार्चच्या मध्यावर तिनं नमुन्याच्या वीस वाट्या भट्टीत लावल्या. हिरव्या पानाचं पाकीट, साधं पांढरं ग्लेझ, राखेची तीन मिश्रणं, आणि सवयीनं तिचा निळा. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. राखेचं एक मिश्रण ओघळून फळीला चिकटलं होतं. दुसरं मधासारखं पिवळट, सुंदर उतरलं होतं. तिसरं खरखरीत राहिलं. हिरव्या पानाच्या वाटीवर केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. पांढरी वाटी म्हणजे पांढरी वाटी. निळी मात्र नेहमीसारखीच देखणी.

श्रेया बघायला आली आणि तिनं निळीच उचलली.

"हीच! मुलांना किती आवडेल. यात शिसं नाही ना?"

"नाय. शिसं मी कधीच वापरत नाय."

"मग झालं की. इतका काय विचार करत होतात?"

खरंच, इतका काय विचार करत होते, असं गजालालाही वाटलं. तिनं माती मळायला घेतली.

चार दिवसांनी सकाळी रत्नमालाताई हातात मग घेऊन जिना उतरल्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गजालानंच त्यांना तो निळा मग दिला होता. त्या रोज त्यात लिंबू पिळलेला कोरा चहा पीत.

"गजाला, हे बघ बरं. काल घासताना उजेडात धरला तेव्हा दिसलं."

मग बाहेरून होता तसाच होता. आतून मात्र जिथपर्यंत चहा यायचा तिथपर्यंत रंग विटला होता. वर निळा, खाली धुवून धुवून गेलेल्या लुगड्यासारखा पांढुरका. मधली रेघ आखल्यासारखी स्पष्ट.

"लिंबानं उतरलाय," रत्नमालाताई म्हणाल्या. "निळा कशानं आणतेस तू?"

"तांब्यानं. कॉपर कार्बोनेट."

"आणि तो मऊपणा?"

"बेरियम कार्बोनेट असतं त्यात. कोर्सला शिकवलं होतं तेच मिश्रण."

रत्नमालाताईंनी मग हळूच टेबलावर ठेवला. "अगं, बेरियम कार्बोनेट आमच्याकडं कुलपात असायचं. वर कवटीचं चित्र."

"पण ताई, ते कच्चं. भाजल्यावर काच होते ना? काचेत बांधलं जातं सगळं. मला तसंच शिकवलंय."

"बांधलं गेलं, तर मग हे सुटलं कसं?"

रत्नमालाताई दोन वर्षं त्या मगातून चहा पीत होत्या. त्यांना काही झालेलं दिसत नव्हतं. पण काही झालं असतं तर ते कसं दिसलं असतं, हे दोघींपैकी कोणालाच सांगता येईना.

त्याच दुपारी गजालानं नमुन्याच्या वाट्यांत व्हिनेगर अर्ध्यापर्यंत भरलं आणि वर बश्या झाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ओतून धुऊन बघितलं. निळीत पुन्हा तीच रेघ. हिरव्या पानाच्या वाटीची चमक गेलेली. पांढरी जशीच्या तशी. राखेची जी मधाळ वाटी तिला सगळ्यात आवडली होती, तशा दोन होत्या. एक अगदी धड, दुसरीवर निस्तेज डाग. पोतं तेच, मिश्रण तेच, भट्टी तीच.

"असं कसं होतं?" तिनं रत्नमालाताईंना विचारलं.

"राख सारखी नसते गं. वरची वेगळी, तळची वेगळी."

चिकलठाण्याच्या बाजूला एक खासगी प्रयोगशाळा होती. गजालानं तिथं निळी, पांढरी आणि राखेची अशा तीन वाट्या दिल्या. दहा दिवसांनी कागद हातात आला. शिसं नाही, कॅडमियम नाही, त्यांच्यापुढं मर्यादेचे आकडे छापलेले. तांबं आणि बेरियम यांच्यापुढं निळ्या वाटीचे आकडे होते, पण मर्यादेची जागा रिकामी.

"ही जागा रिकामी का?" तिनं तिथल्या माणसाला विचारलं.

"भांड्यांसाठी या दोन धातूंची मर्यादा आमच्या यादीत नाही. पिण्याच्या पाण्याशी तुलना केली तर तुमचा आकडा जास्त येतो. पण माणूस दिवसभराचं पाणी काही तुमच्या वाटीत व्हिनेगर घालून पीत नाही."

"म्हणजे धोका आहे का नाय?"

"मॅडम, मी आकडा देऊ शकतो."

"आणि त्याचा अर्थ?"

त्यानं खांदे उडवले. मग तिचा चेहरा बघून जरा मऊ आवाजात म्हणाला, "माझ्या मुलीला मी यातून काही आंबट देणार नाही. पण हे मी कागदावर लिहून देऊ शकत नाही."

घरी आल्यावर तिनं अझहरला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"किसी ने कुछ बोला क्या तेरे को?"

"नाय."

"फिर? चार साल में किसी का पेट तक नई दुखा. तू खुद जाके बोलेगी तो लोगां डरेंगे, और धंदा बैठेगा सो अलग."

त्याचंही खोटं नव्हतं. तिला स्वतःलाच नीट ठाऊक नसलेली गोष्ट ती लोकांना काय म्हणून सांगणार होती? धोका आहे म्हणावं तर पुरावा कुठं? नाही म्हणावं तर ती रेघ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोन दिवस ती गॅरेजमध्ये जाऊन नुसती बसून आली. तिसऱ्या दिवशी अझहरनंच दुकानातून फोन केला.

"सुन. मैं रिवाइंड करा सो मोटर में करंट उतर रा बोलके मालूम पड़ा, तो मैं जाऊंगा ना? कोई मरने तक थोड़ी रुकूंगा." मग म्हणाला, "बोल दे सबको."

तिनं मेसेज लिहायला घेतला. ‘धोकादायक’ लिहिलं, खोडलं. ‘कदाचित’ घातलं, काढलं. शेवटी जे पाठवलं ते असं होतं: माझ्या निळ्या रंगाच्या भांड्यांत आंबट ठेवल्यास रंग सुटतो असं मला आढळलं आहे. त्यातून किती अपाय होतो हे मला कळलेलं नाही. कृपया त्यात खाऊ-पिऊ नका. आतून पांढरं असलेलं दुसरं भांडं मी बदलून देईन.

ओळखीच्या शंभर-सव्वाशे लोकांना तो गेला. उत्तरं भलतीच निघाली. कोणी लिहिलं, आम्ही तर त्यात पेनं ठेवतो. कोणी विचारलं, दूध चालेल का? एका बाईनं लिहिलं की तुमच्यावर विश्वास होता. एकानं आणखी दोन निळे मग मागितले, शोभेला. एका डॉक्टरीणबाईंनी फक्त एक अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात गजालाची अख्खी दुपार गेली.

आणि मग तिला बरणी आठवली.

निळ्या रंगात तिनं आयुष्यात एकच मोठी बरणी केली होती. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात वाळूजच्या कारखान्यात काम करणाऱ्या कृष्णा नावाच्या माणसानं ती घेतली होती. पाचोडला आई असते, तिच्या लोणच्याला, असं तो म्हणाला होता. तिनं त्याला फोन लावला. तो आता चाकणला होता. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, आई फोन उचलत नाय दिवसभर. अन् माझं ती ऐकणार नाय. तुम्हीच जाऊन सांगा. दगडाबाई म्हणून विचारा, वेशीजवळ कोणीपण दाखवील."

सकाळच्या बीड गाडीनं गजाला पाचोडला उतरली. बाजाराचा दिवस होता. मोसंबीच्या ढिगांतून, पालांच्या दोऱ्या चुकवत ती वेशीपाशी पोचली. दगडाबाई अंगणात होत्या. दोन खाटांवर कुरडया वाळत घातलेल्या, आणि त्या हातात काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसलेल्या.

"कोन गं?"

"मी गजाला, आजी. तुमच्या कृष्णानं निळी बरणी आणली होती ना, ती मी बनवलेली."

"अगं बया! ये, ये, अशी सावलीला बस." म्हातारीचा चेहरा फुलला. "लई गुनाची बरनी हाय बग तुजी. दर साली माज्या लोनच्याला बुरशी धरती. औंदा वरीस होत आलं, एक टिपका नाय!"

तांब्यानं बुरशी मरते, हे रत्नमालाताईंनी तिला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"आजी, त्याच्याबद्दलच बोलायला आले."

तिनं सांगितलं. मग कसा होता, रेघ कशी दिसली, कागदावर काय लिहून आलं. दगडाबाई मधेच काठी आपटून कावळा उडवत होत्या, पण कान इकडंच होते.

"म्हंजी ईख हाय म्हनतीस त्यात?"

"वीख नाय म्हणत, आजी. थोडं काहीतरी उतरलं असेल. किती ते मला ठाऊक नाय."

"हाय का नाय, येक सांग."

"तेच सांगता येत नाय मला."

"मंग आलीस कशाला येवढ्या उनाचं?"

गजालानं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या घरी असतं तर मी ते लोणचं कोणाला वाढलं नसतं. एवढंच मला नक्की कळलंय. म्हणून आले."

म्हातारी उठून आत गेली आणि बरणी पोटाशी धरून घेऊन आली. पळीनं लोणचं एका बाजूला सारलं आणि आत वाकून बघितलं. खारापासून खाली सगळी बरणी पांढुरकी पडली होती.

"हितलं निळं कुटं गेलं?"

गजालानं लोणच्याकडं बोट केलं.

"आमच्या पोटात गेलं म्हन की." दगडाबाईंचा आवाज चढला. "दोन पाट्या कैऱ्या व्हत्या माज्या झाडाच्या! अंबडला लेकीकडं धाडलं, तिची पोरं भाकरीसंगं रोज खात्यात. आधी इच्यार करायचा नाय का, बाई? इकायच्या आधी?"

"करायला पाहिजे होता," गजाला म्हणाली. "शिसं घातलं नव्हतं त्यात. मला वाटलं तेवढं पुरे."

शेजारची बाई कुंपणावरून बघायला लागली. दगडाबाईंनी तिला हातानं जा म्हणून सांगितलं. मग त्या बरणी घेऊन उकिरड्याकडं निघाल्या.

"आजी, तिथं नको! कोंबड्या टोचतील."

"मंग गाईच्या..."

"गाईलापण नको."

"मग काय डोक्यावर घिऊ?"

"मला द्या. मी नेते."

"नेऊन काय करशील?"

गजालानं हात पुढं केले. दगडाबाईंनी बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, वरून सुतळी आवळली आणि ती तिच्या हातात दिली. लेकीला फोन लावायला गजालालाच सांगितलं, आणि फोनवर म्हणाल्या, "ते लोनचं खाऊ नगा. पोरांना येकदा डागदरला दाव. न्हाय, काय झालं नाय. दाव म्हनते ना!" फोन ठेवून त्यांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. गजाला जायला निघाली तेव्हा मात्र त्या दारापर्यंत आल्या नाहीत. कावळ्यांकडंच बघत बसल्या.

परतीची गाडी खच्चून भरलेली. गजाला मांडीवर बरणी घेऊन बसली आणि आडूळ येईपर्यंत वास सगळ्या गाडीत पसरला. मेथी, हिंग, मुरलेली कैरी. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "लोणचं कुणाचं हाय? जीव घेतंय राव!" शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, "येक फोड द्याल का? भाकरी हाय मपल्याजवळ."

"खराब झालंय हो," गजाला म्हणाली.

"वासावरून तर वाटत नाय." बाई नाराज झाली आणि तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. गजालानं बरणी आणखी जवळ ओढली. हसावं का रडावं, तिला समजेना. दोन्ही एकदमच येत होतं.

दगडाबाईंच्या लेकीनं पोरांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, काही आढळत नाही म्हणाले. रत्नमालाताईंनीही स्वतःची तपासणी करून घेतली. काही नाही. "नाही म्हणजे नव्हतंच, का आता उरलं नाही?" गजालानं विचारलं. "ते मला विचारू नकोस," रत्नमालाताई म्हणाल्या, "चहा घे." चहा स्टीलच्या पेल्यात होता.

लोणचं तिनं डब्यात घालून बंद केलं. उरलेल्या निळ्या ग्लेझचं पाणी उन्हात आटवलं, खाली राहिलेली भुकटी जाड पिशवीत भरली आणि वर लाल अक्षरांत लिहून फडताळाला कुलूप लावलं. ती पिशवी शेवटी कुठं द्यायची, हे दोघीही अजून शोधताहेत.

एप्रिलच्या अखेरीला तिनं श्रेयाला बोलावलं आणि निळी वाटी रद्द असं सांगितलं. श्रेयाचा चेहरा पडला. मग ती मधाळ वाटीकडं वळली.

"मग ही राखेची घेऊ. ही तर पूर्ण नॅचरल."

"बाहेरून चालेल. आतून नको."

"का?"

"तिच्या दोन वाट्या सारख्या निघत नाहीत. एक चांगली निघते, एकीवर डाग येतो. कोणती तुमच्या मुलांच्या हातात जाईल ते मला कळणार नाय. आतून ही पांढरी लावते. गारगोटी, चुनखडी, माती आणि थोडा टाकणखार. रंगाचा धातू एकही नाय. चारदा व्हिनेगरमध्ये ठेवलीय, प्रयोगशाळेतपण दिलीय."

श्रेयानं दोन्ही वाट्या दोन हातांत धरल्या. "थांबा हं. म्हणजे राख निसर्गातली, ती आत नको. आणि विकतची पांढरी पावडर, ती आत पाहिजे?"

"व्हय."

"मी हे पालकांना कसं समजावू, ताई? माझंच डोकं फिरलंय."

"मी येते," गजाला म्हणाली.

पालकसभा शनिवारी दुपारी झाली. लहान मुलांच्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. गजालानं रत्नमालाताईंचा मग बरोबर नेला होता. तो एकेकाच्या हातात दिला आणि आत बघायला सांगितलं. शेवटच्या रांगेतल्या एका वडिलांनी मग परत करत विचारलं, "तुमचीच चूक तुम्ही घेऊन फिरताय. ते ठीक. पण ही पांढरी शंभर टक्के सेफ आहे का, एका शब्दात सांगा."

"एका शब्दात नाय सांगता येणार, भाऊ," ती म्हणाली. "काय काय घातलंय ते सगळं या कागदावर लिहिलंय. कशी तपासली तेपण आहे. शंभर टक्के मी निळ्याबद्दलपण म्हणत होते."

कुजबुज झाली. एक आई म्हणाली, स्टीलच बरं, माझ्या आजीपासून चाललंय. दुसरी म्हणाली, स्टीलपण खाणीतूनच येतं की. कोणीतरी चिनी मातीचं नाव काढलं, आणि चिनी मातीवर काय असतं यावर पाच मिनिटं वाद झाला. शेवटी हात वर झाले. अठ्ठावीस पालकांनी वाटी घ्यायची ठरवली. बाकीच्यांनी घरून स्टीलची आणायची. श्रेयाला साठ हव्या होत्या. तरीही ती बाहेर आल्यावर गजालाला म्हणाली, "अठ्ठावीस जणांनी कागद वाचून हो म्हटलंय. माझ्या शाळेत आजवर कोणी काही वाचलेलं नव्हतं."

मेच्या शेवटी भट्टी दोनदा लावली. पहिल्या वेळी मध्येच व्होल्टेज पडलं, आणि अझहर दुकान बंद करून धावत आला. ग्लेझ तसंच कच्चं राहिलं. आतून पांढऱ्या, बाहेरून नुसत्या मातीच्या तपकिरी वाट्या, काठाला राखेची पिवळट कड, असं तिनं योजलं होतं. ती कड ओठाला लागते का, हा विचार तिला सगळ्या लावून झाल्यावर आला. म्हणून तिनं दहा वाट्यांची कड पुसून काढली, मग बाकीच्यांचीही काढली. राख फक्त खालच्या निम्म्या भागावर लावून तिनं पुन्हा भाजल्या, आणि या वेळी भट्टी धड लागली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती खोकं घेऊन गेली. श्रेया प्रत्येक वाटीबरोबर द्यायची चिठ्ठी मोबाइलवर लिहीत बसली होती.

"सांगा, ताई. काय लिहू?"

"लिहा, आत राख नाय, रंग नाय. कधी आतली चमक गेलेली दिसली तर वापरू नका, मला कळवा."

श्रेयाचा अंगठा थांबला. "चमक गेली तर, का आतून खरखरीत लागली तर?"

गजालानं खोक्यातली एक वाटी उचलली. आत बोट फिरवलं, उजेडाकडं धरून बघितलं, पुन्हा बोट फिरवलं.

"दोन्ही लिहा," ती म्हणाली. "आणि माझा नंबर मोठ्या अक्षरात घाला."